अंगणातून दिसणारी कड

सरकारी कागदांवर माझ्या पत्नीचा वाढदिवस एक जून आहे. आमच्या पिढीतल्या बहुतेकांचा तोच आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख विचारली जाई, घरच्या माणसांना ती ठाऊक नसे, आणि मास्तर मुलाच्या उंचीकडे एकदा पाहून एक जून लिहून मोकळे होत. माझाही तोच आहे. कागदांवर विश्वास ठेवला तर आमचे निम्मे गाव एकाच दिवशी जन्मले.

तिला मात्र आपला खरा दिवस माहीत होता. ती जत तालुक्यातली, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या एका गावची. आईला ती अव्वा म्हणे. अव्वाने तिला सांगून ठेवले होते की तू वैशाखातल्या पौर्णिमेची. चांदणे इतके होते की सुईणीने दिवा बाजूला सारला. पुढे काही वर्षांनी तिच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, आणि वैशाखी पौर्णिमा हाच बुद्धांच्या जन्माचा दिवस असल्याचे त्या घराला कळले. हे सांगताना ती दर वेळी एक वाक्य जोडत असे, "आमच्या घरात मी आधी आले. भगवान मागनं आले."

मला हे वाक्य आवडत नसे. तसे मी तिला सांगितलेही होते. तिच्यात फरक पडला नाही.

माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तारुण्याची वर्षे सैन्यात गेली. परतल्यावर तालुक्याच्या न्यायालयात लिपिक झालो आणि तेथूनच निवृत्त झालो. सैन्याने ताठ उभे राहायला शिकवले, न्यायालयाने मोजके बोलायला. दोन्ही सवयी अंगात मुरल्या. पत्नी आल्यागेल्याला सांगे, "आमच्या घरात एक खांब हाय नि एक मालक हाय. वळखायला जरा येळ लागतोय."

आमचे गाव सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या सीमेवर, डोंगराच्या पायथ्याशी आहे. पुढे उसाची शेते, मागे डोंगर. माथ्याच्या थोडे खाली खडकात कोरलेले जुने लेणे आहे आणि त्यात एक स्तूप आहे. त्याच्यापुढे लोकांनी श्रमदानाने पत्र्याचे लहानसे विहार उभारले. विहारासमोर थोडी सपाट जागा आहे. ती जिथे संपते तिथे कडा सरळ खाली तुटतो. ही कड आमच्या अंगणातून दिसते. वर्षभर तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. वैशाखी पौर्णिमेला मात्र आसपासच्या गावांतली आमची माणसे पांढरे कपडे घालून पहाटेच डोंगर चढू लागतात.

लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात तिने ही माणसे दारावरून जाताना पाहिली.

"ही सगळी कुठं निघाल्यात?" तिने विचारले.

"डोंगरावर. पौर्णिमा आहे."

"माझ्या वाढदिवसाला एवढी माणसं!" ती म्हणाली आणि झाडणी खाली ठेवून आत गेली.

त्या काळी घरच्या सुनेचा वाढदिवस ही गोष्टच नव्हती. पण माझ्या आईने ते ऐकले होते. ती हसली आणि पुढच्या वर्षी तिने सुनेला खीर करण्यासाठी खपली गहू काढून दिला. त्या पौर्णिमेला खीर वाटण्याची रीत आमच्या समाजात आहेच. पत्नीने ती आपल्या वाढदिवसाला जोडून घेतली. तेव्हापासून दर वर्षी ती खिरीची किटली घेऊन डोंगर चढत असे आणि मी तिच्या मागून चालत असे. त्यासाठी तिचे एक वेगळे पातळ होते, पांढरे, बारीक निळ्या काठाचे. एरवी ते ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात असे.

वर पोचल्यावर पहिली वाटी स्तूपापुढे ठेवायची. मग त्रिसरण आणि पंचशील. तिचा आवाज मोठा होता. ती पुढे म्हणे आणि बाकीचे मागून. नंतर किटली रिकामी होईपर्यंत वाटप. जतकडून मेंढरे घेऊन आलेला एखादा धनगर पठारावर भेटला की ती त्याला हाक मारून बोलावी आणि कानडीत त्याची विचारपूस करी. त्यातले मला काही समजत नसे. मी बाजूला उभा असे. शेवटी ती कडेशी येई आणि खाली बोट दाखवी.

"त्ये बघा आपलं घर. दिसलं का?"

"दिसले," मी म्हणत असे.

मला ते नीट कधीच दिसले नाही. खाली सगळी कौले आणि पत्रे सारखीच होती. पण तिला दिसे, आणि आपल्याला दिसते ते दुसऱ्यालाही दिसावे असा तिचा आग्रह असे. मी दिसले म्हटले की ती किटली उचलून उतरायला लागे.

असे बरेच वैशाख गेले. मुलगा मोठा झाला, पुण्याला नोकरीला लागला, तेथेच राहिला. आमचे चढणे चालू होते. वाटेत निम्म्यावर पाण्याचे एक कोरीव टाके आहे. पूर्वी ती तिथे थांबत नसे. मग थांबू लागली. मग मीही थांबू लागलो. त्यापलीकडे वयाने आमचे काही बिघडवले नव्हते.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात तिचे जेवण कमी झाले. नंतर पोटात दुखू लागले. मुलगा आला आणि आम्ही तिला मिरजेला नेले. आमच्या भागात मोठे दुखणे आले की माणसे मिरज गाठतात. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आणि मुलाला बाहेरच्या व्हरांड्यात बोलावून जे सांगायचे ते सांगितले. मुलाने भिंतीला हात टेकला. मी औषधांविषयी विचारले. त्यांनी नीट उत्तर दिले, पण त्या उत्तरात बरे होण्याचा शब्द नव्हता.

थोडे दिवस औषध चालले. केस गेले, अन्न ठरेना. एके दिवशी तिने मला खाटेजवळ बसवले.

"डॉक्टर काय म्हणतोय? वैशाख गाठीन का मी?"

"गाठशील."

"कोर्टातलं नगं. खरं सांगा."

"सांगता येत नाही, म्हणाले."

"मग बरं हाय," ती म्हणाली. "सांगता येत न्हाई म्हंजी अजून सुनावणी हाय. मला घरला न्या."

आम्ही तिला घरी आणले. त्यानंतर तिने दुसरे काही मागितले नाही. येणाऱ्या माणसांशी ती पाऊसपाण्याचे, उसाचे, कोणाच्या लग्नाचे बोलत असे. पण प्रत्येकाचे बोलणे संपता संपता विचारी की वैशाखी पुनव कवा हाय. उत्तर तिला पाठ होते. तरी विचारी.

शिमगा झाला तेव्हा ती काठी टेकून अंगणापर्यंत येऊ शकत होती. चैत्र लागला तेव्हा दारापर्यंत. हे उतरणे मी रोज पाहत होतो. सैन्यात असताना अंतर आणि वेळ यांचा मेळ घालायची सवय लागलेली असते. माझ्या लक्षात आले की ती वैशाख गाठील, पण तेव्हा पाय साथ देणार नाहीत. म्हणून मी एका सकाळी तिला म्हणालो, "या चैत्री पौर्णिमेलाच जाऊन येऊ. गाडी निम्म्यापर्यंत जाते. पुढे हळूहळू चढू. वर माणसेही नसतील. निवांत होईल."

तिने माझ्याकडे पाहिले.

"आन् पुनव?"

"चैत्राचीही पौर्णिमाच."

"आवं, वाढदिवस म्हंजी शाळेतली परीक्षा हाय का, म्हैनाभर आधी घ्यायला? माझ्या अव्वानं चांदणं बघून सांगितलाय त्यो दिस."

"तेव्हा चढवणार नाही तुला."

"मग न चढता व्हईल."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. चैत्री पौर्णिमा आली आणि गेली. त्या दिवशी तिला थोडे बरे होते. अंगणातून डोंगर स्वच्छ दिसत होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिले.

मुलाने फोनवरून वेगळा मार्ग सुचवला. एक जूनला सुट्टी काढून येतो, केक आणतो, सगळ्यांना बोलावू. तिने फोन कानाशी धरूनच त्याला सांगितले, "एक जूनला गावात लय जणांचा वाढदिवस आसतोय. कुणाकुणाला भरवशील?" तो हसला असावा, कारण तीही हसली. मग त्याने दुसरे सुचवले: खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधू, गावातली चार पोरे तयार आहेत, आईला बसवून वर नेऊ.

यावर तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. नंतर म्हणाली, "चौघांच्या खांद्यावरनं एकदाच जायचं आसतंय रं बाळा. ती पाळी आत्ताच कशाला वापरतुयास?"

मुलाने फोन ठेवला. मग त्याने मला फोन केला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. मीही धरून ठेवला.

वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात बोलावले. तिची बाज आम्ही दारातच आणून ठेवली होती, म्हणजे तिला आतले दिसे. शेजारची वहिनी रोज तिच्याजवळ येऊन बसत असे; ती पत्नीला धाकट्या बहिणीसारखी, तिला अक्का म्हणणारी. वहिनी म्हणाली, "भाऊजी, सरका. मी करते खीर."

"न्हाई," पत्नी म्हणाली. "त्येंनाच करू दे. पुढं लागंल त्येंना."

पुढं हा शब्द घरात प्रथमच उच्चारला गेला. वहिनीने पदर तोंडाला लावला. मी पातेले शोधू लागलो.

खपली तिने आदल्या रात्रीच वहिनीकडून भिजवून घेतली होती. मी ती शिजवली. गूळ फोडला. नारळ खवण्याचे काम मला जमले नाही. बोटाचे सालटे निघाले. ती पडल्या जागेवरून आज्ञा देत होती.

"ढवळा. नुसतं उभं ऱ्हाऊ नका. खिरीवर पहारा द्यायचा नसतोय."

"ढवळतोच आहे."

"तळापासनं ढवळा. वरवर पळी फिरवताय नुसती. आजून एक खडा टाका गुळाचा."

"जास्त होईल."

"टाका. वाढदिवस माझा हाय."

मी टाकला. वहिनी डोळे पुसत हसत होती. खीर दाट झाली तेव्हा तिने वासावरूनच सांगितले की आता उतरवा. चव पाहायला चमचाभर तिच्या ओठांशी नेली. तिने ओठांना लावली, गिळली नाही. "झाली," म्हणाली.

मग तिने ट्रंकेतून ते पांढरे पातळ काढायला सांगितले. मला वाटले, नेसणार असेल. पण तिने ते हातात घेतले, चाचपले आणि माझ्या हातात दिले.

"ह्ये घेऊन जा. मी न्हाई तर माझं पातळ तरी वर जाऊ दे."

"बरे."

"आन् एक करा. वर खीर ठिवली, वंदना झाली, की कडंला या. ह्ये पातळ हवंत धरून हलवा. मी अंगणात पडून बघते. हललेलं दिसलं म्हंजी मला कळंल, झालं."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हंत्यात? म्हातारा बायकोचं लुगडं वाळवतोय म्हंत्याल." तिला हसण्याने दुखू लागले. ते ओसरेपर्यंत ती बोटांनी बाजेचे सुंभ धरून राहिली. मग पुन्हा म्हणाली, "हलवाल नव्हं?"

"हलवीन," मी म्हणालो.

लांबचे तिला शेवटपर्यंत चांगले दिसे. सुईत दोरा ओवता येत नसे, पण डोंगरावर कोणाची गुरे आहेत ते सांगे. त्यामुळे तिची योजना मला पटली. त्यात काय राहून गेले आहे, ते माझ्या ध्यानात आले नाही. तिच्याही आले नाही.

सकाळी आम्ही बाज अंगणात लिंबाखाली आणली. तोंड डोंगराकडे आणि डोके उंच राहील अशी उशी दिली. वहिनी जवळ बसली. मी पांढरा सदरा आणि पायजमा घातला, पातळ पिशवीत ठेवले, किटली उचलली. तिने किटलीच्या झाकणावरून हात फिरवला. निघताना बोलण्याची आमच्यात पद्धत नव्हती.

त्या वर्षी प्रथमच मी डोंगर एकटा चढलो. ती पुढे असताना वाट कशी जाते याकडे मी कधी लक्ष दिले नव्हते. तिच्या टाचांकडे पाहत चढत आलो होतो. दोनदा चुकीच्या पायवाटेला लागलो. करवंदीच्या जाळीत पिशवी अडकली. टाक्यापाशी थांबलो. पाणी तळाला गेले होते. ती ज्या दगडावर बसे त्यावर दुसरे एक कुटुंब बसले होते, म्हणून मी उभाच राहिलो आणि पुढे निघालो.

वर मोठी गर्दी होती. ध्वनिक्षेपक लावला होता, पंचरंगी ध्वज बांधले होते. मी आत जाऊन पहिली वाटी स्तूपापुढे ठेवली. मेणबत्ती लावली. वंदना सुरू झाली तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मग खीर वाटली. एका ओळखीच्या बाईने वाटी हातात घेऊन विचारले, "अक्का न्हाई आल्या?"

"खाली आहे."

"बऱ्या हाईत न्हवं?"

"खाली आहे," मी पुन्हा म्हणालो. तिने पुढे विचारले नाही. खीर खाऊन म्हणाली, "गूळ जरा जास्त झालाय, पर ग्वाड लागतीय."

किटली रिकामी झाली. मी कडेशी गेलो, पिशवीतून पातळ काढले, घडी उलगडण्यासाठी हात वर केला, आणि थांबलो.

कडेवर माणसांची रांग होती आणि प्रत्येक जण पांढऱ्या कपड्यांत होता. पुरुषांचे सदरे, बायकांची पातळे, मुलींच्या ओढण्या, सगळे पांढरे, सगळे वाऱ्यावर हलणारे. तरुण मुले मोबाइलवर छायाचित्रे काढत होती. कोणी खाली गावातल्या नातेवाइकांना फोन लावून हात हलवत होते; कोणी ओढणीच हवेत धरली होती. बुद्धपौर्णिमेला या डोंगरावर माणसे पांढरेच घालतात, हे आम्ही दोघांनी आयुष्यभर पाहिले होते. तरी खूण म्हणून आम्ही पांढरे पातळ निवडले होते.

मी ते हलवले असते तर त्या शेकडो पांढऱ्यांत आणखी एक पांढरे हलले असते. त्याचा उपयोग नव्हता. खाली पाहिले. पत्रे, कौले, उसाचे हिरवे चौकोन, मागे दूर कारखान्याची चिमणी. लिंबाची झाडे अनेक होती. आमचे अंगण कोणते ते मला नेहमीसारखेच ओळखता आले नाही. पातळ मी हातावर घडी करून घेतले आणि कडेवर उभा राहिलो. दुसरे काय करावे ते सुचेना. ऊन चढले, माणसे आली, गेली, माझ्या दोन्ही बाजूंनी हात हलत राहिले. मी उभा होतो. पाय दुखू लागल्यावर उतरलो.

उतरताना एकच विचार होता. ती डोळे ताणून वर पाहत असेल, तिला काही कळले नसेल, आणि तिने ज्यासाठी वैशाख गाठला तेच हुकले असेल. तिला काय सांगायचे ते ठरवू शकलो नाही. पातळ हलवले असे खोटे सांगावे, हेही एकदा मनात आले. टाक्यापाशी आलो तेव्हा तो विचार टाकून दिला.

अंगणात आलो. ती जागी होती आणि फाटकाकडे पाहत होती. मी किटली खाली ठेवली. तोंड उघडण्याआधी तीच बोलली.

"दिसलात."

"कशावरून? वर सगळेच पांढरे होते."

"व्हय की. तुमी गेल्यावर आणिक माणसं दारावरनं गेली तवा माझ्या ध्यानात आलं. म्हटलं, आपुन दोगंबी येडे." ती हळूच हसली. "पर दिसलात. सगळी माणसं हलत हुती. एकच मानूस हलत नव्हता."

मी पातळ तिच्या पायांवर ठेवले.

"हलवलं न्हाईत न्हवं?"

"नाही."

"ठावं हाय. ताठ हुबं हुता, खांबावानी. म्हनून तर वळखलं." मग थोड्या वेळाने तिने विचारले, "खीर?"

"संपली. गूळ जास्त झाला म्हणाले."

"म्हनू द्या," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसले. बऱ्याच आठवड्यांनी दिसले.

ज्येष्ठ लागला आणि ती गेली. मुलगा आलेला होता. आमच्यात मृताला पांढऱ्या वस्त्रात नेतात. वहिनीने नवे कापड आणले होते. मी ट्रंकेकडे गेलो आणि ते निळ्या काठाचे पातळ काढून दिले. चौघांनी तिला खांद्यावर घेतले, त्यातला एक मी होतो. माझे वय पाहून कोणीतरी मला दूर करू लागला. मुलाने त्याला अडवले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे पांगले. मुलगा पुण्याला चला म्हणाला. मी नंतर पाहू म्हणालो. त्यानंतर एका दुपारी वहिनी भाकरी घेऊन आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"भाऊजी, एक सांगायचं हाय. रागावू नका."

"सांग."

"पुनवंदिवशी तुमी वर गेला, तवा अक्काचा डोळा लागला. तुमी फाटकाभाईर पडला आन् लागलाच. लय रात्री झोप नव्हती ओ तिला, कळा यायच्या. इतकी शांत झोपली हुती की मला उठवू वाटंना. तुमी यायच्या जरा आधी जागी झाली. मला म्हनली, आल्यात का? मी म्हटलं, न्हाई अजून. तर म्हनली, तू काय बोलू नगंस, माझी मी बघते." वहिनीने भाकरीचे ताट खाली ठेवले. "तिनं डोंगराकडं बघितलंच न्हाई, भाऊजी. मी उठवाय पायजे हुतं. तेवढ्यासाठी जीव धरून हुती बिचारी."

मी ताट उचलून आत ठेवले.

"उठवले नाहीस ते बरे केलेस," मी म्हणालो. वहिनी गेली. भाकरी मी संध्याकाळी खाल्ली.

त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तो येथे मांडत नाही.

ती गेल्यावर थोड्याच दिवसांनी एक जून आला. माझ्या फोनवर बँकेकडून तिच्यासाठी शुभेच्छांचा संदेश आला. तिचे खाते बंद करायचे राहिले होते. मी तो पुसून टाकला. वर्ष गेले आणि पुन्हा वैशाख आला. मुलगा म्हणाला, मीही येतो. मी त्याला म्हणालो की पुढच्या वर्षी ये. खपली मी स्वतः भिजवली. गूळ तिने सांगितला होता तेवढाच घातला. खीर तळाला थोडी लागली, कारण ढवळताना मी दाराकडे पाहिले.

या वेळी वाट चुकली नाही. टाक्यापाशी तिचा दगड रिकामा होता; त्यावर किटली ठेवली आणि शेजारी उभा राहिलो. वर तीच गर्दी होती. वाटी ठेवली, वंदना केली, खीर वाटली. मग कडेशी आलो. पिशवीत काही नव्हते. पातळ तिच्याबरोबर गेले होते.

खाली पत्रे आणि कौले. मी त्या दिवशी प्रथमच घर शोधले, नुसते पाहिले नाही. फाटकाचा निळा रंग, त्याच्यापुढचा लिंब, लिंबाखाली मोकळी जागा. बाज आत उचलून ठेवली होती. सापडायला वेळ लागला, पण सापडले.

शेजारी कॉलेजातली काही मुले उभी होती. खाली कोणाला तरी फोन लावून, एकमेकांना ढकलत, दोन्ही हात हलवत होती. त्यातल्या एका मुलीचे माझ्याकडे लक्ष गेले.

"आजोबा, खाली कोणी आहे का तुमचं?"

"घर आहे."

"मग हात करा की! एवढ्या गर्दीत कसं ओळखणार तुम्हाला?"

"त्याची गरज नाही," मी म्हणालो, आणि तसाच उभा राहिलो.